उगम चुकलेली रोहिणी

बहिणीची ती वही अजून माझ्याकडे आहे. शंभर पानी, एकरेघी, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली. पहिल्या दोन पानांवर किराण्याचा हिशेब आहे आणि तिसऱ्या पानापासून नुसत्या वेळा. ‘पहाटे ४.४०. डावीकडे ३ मिनिटं. रडली. घाम. पुन्हा धरलं नाही.’ ‘७.१५. उजवीकडे २ मिनिटं. कण्हली. पांढरी पडली.’ अशी अकरा पानं.

माझी भाची तेव्हा अडीच महिन्यांची होती. जन्मली तेव्हा तीन किलोची, गुलाबी, खणखणीत आवाजाची. महिनाभर छान बाळसं धरलं आणि मग वजनाचा काटा जागेवरच थांबला. पाजायला घेतली की अधाशासारखी दूध ओढायची, दोन-तीन मिनिटांत एकदम तोंड सोडायची, कण्हल्यासारखा बारीक आवाज काढायची. चेहरा पांढराफटक आणि कपाळावर गार घाम. माघाच्या थंडीत कराडसारख्या गावात तान्ह्या बाळाची झबली घामानं भिजायची. बहीण फोनवर म्हणायची, “ताई, हिला भूक आहे गं. भूक नसती तर तोंड लावलंच नसतं. पण दोन घोट घेतले की कुणी चिमटा काढल्यासारखी सोडते.”

आईनं बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला, ओव्याचा शेक दिला, तिन्हीसांजेला मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. पहिल्या डॉक्टरांनी पोटात मुरडा आहे म्हणून थेंब दिले. दुसऱ्यांना छातीत कफ वाटला, म्हणून आठवडाभर वाफ आणि अँटिबायोटिक. तिसऱ्यांनी एक्स-रे काढला, हृदय मोठं दिसलं म्हणून इको करून घेतली. रिपोर्टवर निदान आलं ‘डायलेटेड कार्डिओमायोपथी’, म्हणजे हृदयाचा स्नायू कमकुवत होऊन कप्पा फुगलेला. लघवी वाढवणारं औषध आणि हृदयाला बळ देणारं औषध सुरू झालं. “काही मुलं सुधारतात, काही नाही. वाट पाहू,” असं त्यांनी बहिणीला सांगितलं. यातल्या कुणालाही मला बोल लावायचा नाही. पोटदुखी, कफ, कमकुवत स्नायू ही कारणं बाळांमध्ये नेहमी दिसणारी. भाचीला जे होतं ते तीन लाख जन्मांत साधारण एका बाळाला होतं.

पुण्यात चौथ्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी बाळाला हात लावण्याआधी विचारलं, “रडते ती पिताना, की पिऊन झाल्यावर?” बहिणीनं वही पुढे केली. डॉक्टरांनी अकराही पानं वाचली. मग फायलीतला जुना ईसीजी काढून उजेडात धरला. त्यात काही ठिकाणी रेघ खोल खाली गेली होती, साठीतल्या माणसाला हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर जाते तशी. त्यांनी पुन्हा इको केली. या वेळी कप्पा किती फुगलाय हे पाहून त्या थांबल्या नाहीत. हृदयाला रक्त देणारी डावी रोहिणी नेमकी कुठून निघते ते शोधत राहिल्या. बराच वेळ गेला. शेवटी म्हणाल्या, “स्नायू बिघडलाय हे खरंय. पण तो उपाशी राहून बिघडलाय. त्याची रोहिणी भलत्याच ठिकाणाहून निघालीय.”

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, तसं त्याला स्वतःलाही रक्त लागतं. त्यासाठी सगळ्या अंगाला रक्त नेणाऱ्या महारोहिणीच्या अगदी बुडाशी, झडपेच्या लगेच वर, दोन तोंडं असतात. तिथून उजवी आणि डावी कोरोनरी रोहिणी निघते आणि हृदयाला वेढून टाकते. डावीवर जास्त भार, कारण सगळ्या अंगाला रक्त ढकलणारा डावा कप्पा मुख्यतः तिच्यावर जगतो. भाचीची डावी रोहिणी महारोहिणीऐवजी शेजारच्या फुप्फुसरोहिणीतून निघाली होती. फुप्फुसरोहिणी म्हणजे वापरून झालेलं, प्राणवायू संपत आलेलं रक्त फुप्फुसांकडे नेणारी मोठी वाहिनी. डॉक्टर या विकाराला त्याच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून ‘अल्कापा’ म्हणतात.

आईच्या पोटात असेपर्यंत या चुकीची शिक्षा होत नाही. गर्भाची फुप्फुसं मिटलेली असतात, त्यांतल्या वाहिन्या आवळलेल्या असतात, म्हणून फुप्फुसरोहिणीतला दाब महारोहिणीइतकाच राहतो. दोन्हींकडच्या रक्तातल्या प्राणवायूतही फारसा फरक नसतो. डाव्या रोहिणीला कुठूनही रक्त मिळालं तरी भागतं, हृदय व्यवस्थित घडतं आणि गर्भारपणातल्या सोनोग्राफीत सहसा काहीच दिसत नाही. बाळ जन्मतं, टॅहां करतं, फुप्फुसं उघडतात. पुढच्या सहा-आठ आठवड्यांत फुप्फुसांकडचा दाब हळूहळू उतरत जातो. निरोगी बाळासाठी ही चांगली गोष्ट. अल्कापाच्या बाळासाठी मात्र डाव्या रोहिणीमागचा जोर त्याच आठवड्यांत ओसरतो. जे रक्त पोचतं त्यात प्राणवायू थोडा, आणि पुढे तेही पोचेनासं होतं.

दोन महिन्यांच्या बाळाला दिवसभरात पडणारं सगळ्यांत मोठं कष्टाचं काम म्हणजे दूध ओढणं. वडीलधाऱ्या माणसाला जिना चढताना छातीत दुखतं, तसं या बाळाला पिताना दुखतं. ते सांगू शकत नाही. ते तोंड सोडतं, कण्हतं आणि घामाघूम होतं.

ही लक्षणं पहिल्यांदा नेमकी मांडली गेली ती १९३३ साली, अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या एडवर्ड ब्लँड, पॉल डडली व्हाइट आणि बालरोगतज्ज्ञ जोसेफ गार्लंड यांनी सुमारे तीन महिन्यांच्या एका मुलाची हकीकत ‘अमेरिकन हार्ट जर्नल’मध्ये लिहिली. यांतले व्हाइट म्हणजे पुढे १९५५मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा उपचारांसाठी बोलावलेले डॉक्टर. रोहिणी चुकीच्या जागेहून निघू शकते हे शवविच्छेदन करणाऱ्यांना त्याआधीच ठाऊक होतं. डब्लिनच्या ब्रुक्सनं १८८५मध्ये आणि रशियाच्या अब्रिकोसोव्हनं १९११मध्ये तशी हृदयं वर्णिली होती. बॉस्टनच्या या तिघांनी जिवंत बाळाचं वागणं, त्याचा ईसीजी आणि मृत्यूनंतर उघडलेलं हृदय एकत्र मांडलं. पाजताना येणारी कळ, कण्हणं, पांढरं पडणं, गार घाम. त्यांचा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बहिणीची वही बाजूलाच होती. एकाच बाळाबद्दल दोघांनी लिहावं इतकं दोन्ही सारखं होतं.

त्या मुलाला वाचवण्याचा उपाय तेव्हा नव्हता. पुढची पंचवीसेक वर्षंही डॉक्टर चाचपडतच होते, आणि त्यामागे एक गैरसमज होता. रक्त फुप्फुसरोहिणीतून डाव्या रोहिणीत जातं, फक्त ते अशुद्ध आणि कमी दाबाचं असतं, असं अनेकजण धरून चालले होते. म्हणजे फुप्फुसरोहिणीतलं रक्त शुद्ध केलं किंवा तिथला दाब वाढवला की झालं, अशा दिशेनं प्रयत्न सुरू होते. १९६०मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सच्या डेव्हिड सॅबिस्टन, कॅथरीन नील आणि हेलन टाउसिग यांनी प्रवाह खरोखर कुणीकडून कुणीकडे जातो हेच तपासलं. टाउसिगबाईंना ऐकू कमी येई, म्हणून त्या बाळांच्या छातीवर बोटं ठेवून हृदय वाचायला शिकल्या होत्या. सॅबिस्टननी शस्त्रक्रियेत डाव्या रोहिणीचं तोंड फुप्फुसरोहिणीपाशी दाबून धरलं. चुकीचा समज खरा असता तर रोहिणीतला दाब पडला असता. तो वाढला. आतलं रक्तही लालभडक, प्राणवायूनं भरलेलं निघालं.

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. आता समजा कोयनेचं वरचं पाणी आटलं आणि कृष्णेचं पाणी संगमातून कोयनेच्या पात्रात उलटं चढू लागलं. अल्कापात तसंच होतं. उजवी रोहिणी महारोहिणीतूनच निघालेली, दाबानं भरलेली. ती बारीक जोडवाहिन्यांतून डावीच्या मदतीला धावते. पण डावीचं मूळ कमी दाबाच्या फुप्फुसरोहिणीत उघडं. मग हे उसनं रक्त स्नायूला न भिजवता डावीतून उलटं वाहत फुप्फुसरोहिणीत सांडतं. डॉक्टर याला चोरी म्हणतात. सॅबिस्टनच्या प्रयोगातून उपायही पुढे आला: ते तोंड बांधून टाका, गळती थांबवा.

बांधण्याची ही शस्त्रक्रिया सोपी होती, हार्ट-लंग मशीन लागत नसे, आणि काही बाळं तिनं जगलीही. पण त्यानंतर सगळं हृदय एकट्या उजव्या रोहिणीवर चालायचं. बरीच बाळं लवकरच दगावली, जी मोठी झाली त्यांच्यावर अचानक मृत्यूचं सावट राहिलं. तेव्हा दोन रोहिण्यांचं हृदय परत मिळवायचं कसं, हा शोध सुरू झाला. १९६६मध्ये ह्यूस्टनच्या डेंटन कूलींनी पायाची शीर घेऊन महारोहिणीपासून डावीपर्यंत पूल टाकला. अडीच महिन्यांच्या बाळाची पायाची शीर ती केवढी! तिचा भरवसा राहीना. मग हाताकडे जाणारी डावी सबक्लेव्हियन रोहिणी वळवून जोडून पाहिली गेली. १९७९मध्ये जपानच्या ताकेउची यांनी वेगळाच विचार केला. डावीचं तोंड जागेवरच ठेवायचं, महारोहिणी आणि फुप्फुसरोहिणी यांच्यामध्ये एक छोटी खिडकी पाडायची, आणि फुप्फुसरोहिणीच्याच भिंतीची पट्टी आत वळवून त्या खिडकीपासून डावीच्या तोंडापर्यंत बोगदा करायचा. महारोहिणीचं रक्त त्या बोगद्यातून डावीत. रोहिणी लांब पडते आणि ओढून आणता येत नाही अशा वेळी ही पद्धत आजही कामाला येते. पण बोगदा फुप्फुसरोहिणीची वाट अडवतो, कधी त्याला गळती लागते, आणि काही मुलांना पुढे दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं.

आज बहुतेक केंद्रांत पहिली पसंती थेट पुनर्रोपणाला आहे. १९७४ साली ते साधल्याची नोंद आहे. १९७५मध्ये ब्राझीलच्या अदिब जातेने यांनी दुसऱ्याच एका जन्मजात दोषासाठी मोठ्या रोहिण्यांची अदलाबदल करून दाखवली. त्या शस्त्रक्रियेत दोन्ही कोरोनरी रोहिण्या उचलून दुसरीकडे लावाव्या लागतात, त्यामुळे नवजात बाळाची रोहिणी हलवण्याचा सर्जनांचा हात त्यानंतर झपाट्यानं तयार झाला.

मुंबईत ज्यांनी भाचीची शस्त्रक्रिया केली, त्या सर्जनांनी आदल्या संध्याकाळी मला, बहिणीला आणि भाओजींना समोर बसवलं. जुन्या रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूवर पेननं दोन जाड नळ्या काढल्या. “नवीन नळ बसवायचा नाहीये. आहे तोच नळ या टाकीवरून काढून त्या टाकीला लावायचा,” असं म्हणाले. मग एकेक पायरी सांगितली. छातीचं हाड मधोमध उघडायचं. बाळ हार्ट-लंग मशीनवर घ्यायचं, आणि त्याच क्षणी फुप्फुसरोहिणीच्या दोन्ही फांद्या आवळायच्या, नाहीतर मशीनचं रक्तही त्याच चोरवाटेनं निघून जाईल आणि आधीच थकलेलं हृदय शेवटचा आधार गमावेल. हृदय थांबवणारं थंड द्रावण एकट्या महारोहिणीतून देऊन चालत नाही, फुप्फुसरोहिणीतूनही द्यावं लागतं. मग फुप्फुसरोहिणी उघडून डावीचं तोंड शोधायचं आणि त्याच्याभोवतीच्या भिंतीची शर्टाच्या बटणाएवढी चकती काढायची. रोहिणी अलगद मोकळी करत महारोहिणीपर्यंत आणायची, तिथे छिद्र पाडून शिवायची. फुप्फुसरोहिणीला पडलेलं भोक हृदयावरच्या आवरणाचा तुकडा लावून बुजवायचं.

भाओजींनी विचारलं, “डॉक्टरसाहेब, केवढी असते ती रोहिणी?” सर्जनांनी पेनचं टोक दाखवलं. दोन मिलिमीटर, जेमतेम. शिवणारा धागा केसाहून बारीक. ती पिळली गेली, ताणली गेली किंवा फुप्फुसरोहिणीखाली दाबली गेली, तर सगळं फुकट. बहीण एवढंच म्हणाली, “तुम्ही करता ना नेहमी?” “नेहमी नाही. पण करतो,” ते म्हणाले. या प्रामाणिक उत्तरानं मला त्या रात्री झोप लागली.

शस्त्रक्रिया संपते तेव्हा धोका संपत नाही, हे मला आधी माहीत नव्हतं. रक्त मिळालं म्हणून उपाशी स्नायू लगेच उठून कामाला लागत नाही. पहिले काही दिवस डावा कप्पा जवळजवळ लुळा असतो. काही बाळांना त्या काळात एक्मो म्हणजे अंगाबाहेरच्या हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधारावर ठेवतात. सूज असेपर्यंत छातीचं हाड उघडंच ठेवून वरून पातळ पडदा लावतात. आम्ही काचेतून पाहिलं ते बाळ भाचीसारखं दिसत नव्हतं. झडपेचा प्रश्नही असतो. डाव्या झडपेला ताणून धरणारे छोटे स्नायूही रक्ताविना दुबळे झालेले असतात, म्हणून ती झडप गळते. शस्त्रक्रियेत झडपही दुरुस्त करावी की नाही, यावर सर्जनांत मतभेद आहेत. अनेकजण ती तशीच ठेवतात, कारण रक्त मिळू लागलं की काही महिन्यांत गळती आपोआप कमी होते. भाचीच्या झडपेला त्यांनी हात लावला नाही.

या आजारात आशेला जागा आहे ती या स्नायूमुळे. त्याचा बराच भाग मेलेला नसतो, तो निपचित पडलेला असतो, थंडीत बेडूक मातीत पडून राहावा तसा. रक्त मिळताच महिन्या-महिन्यानं जागा होतो आणि फुगलेला कप्पा आक्रसत मूळ आकाराकडे येतो. ज्या मुलांच्या कागदावर ‘कमकुवत स्नायू’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यांच्यातलं एखादं खरं तर याच दोषाचं असू शकतं, आणि त्याच्यासाठी शस्त्रक्रियेचा इलाज असतो. म्हणून पाठ्यपुस्तकं सांगतात की फुगलेल्या हृदयाचं निदान लिहिण्याआधी डाव्या रोहिणीचा उगम डोळ्यांनी पाहिलाच पाहिजे. इकोत तो नीट दिसला नाही तर सीटी अँजिओग्राफी करावी. उपचाराविना यातली जवळपास नव्वद टक्के बाळं पहिला वाढदिवस पाहत नाहीत. वाट पाहण्याला या आजारात जागाच नाही.

उरलेली थोडी माणसं उजव्या रोहिणीच्या जोडवाहिन्यांच्या बळावर मोठी होतात, शाळा-नोकरी-बाळंतपणं करतात, आणि एखाद्या दिवशी धावताना कोसळतात किंवा दुसऱ्याच कारणानं केलेल्या तपासणीत सापडतात. त्रास नसला तरी त्यांनाही शस्त्रक्रिया सुचवतात. मोठ्या वयात ती रोहिणी फुगून ठिसूळ झालेली असते, ओढून आणताना फाटू शकते. म्हणून अनेकदा तिचं तोंड बंद करून छातीच्या आतली रोहिणी बायपास म्हणून जोडतात.

भारतात दर वर्षी दोन कोटींहून बरीच जास्त बाळं जन्मतात. तीन लाखांत एक हे प्रमाण धरलं तर वर्षाला सत्तर-ऐंशी बाळं या दोषाची असणार, त्यांतली पाच-सहा महाराष्ट्रातली. ही मुलं निळी पडत नाहीत, म्हणून जन्मानंतर बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर त्यांना पकडत नाही. हृदयाला भोक नसतं, सुरुवातीला स्टेथोस्कोपमध्ये वेगळा आवाजही बऱ्याचदा येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहेत आणि गरीब घरच्या मुलांच्या शस्त्रक्रियेचा भार त्यातून उचलला जातो. पण त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. नवजात बाळाकडे आशाताईंच्या भेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात आणि पुढची भेट तिसऱ्या महिन्यात. आणि या दोषाचं बाळ नेमकं त्या मधल्या आठवड्यांत घामेजून पिणं सोडतं.

त्याच आठवड्यांत ते बाळ सरकारी यंत्रणेसमोर येतंच, लसीकरणासाठी. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस. वजन होतं, कार्ड भरलं जातं. भाचीचं अडीच महिन्यांचं वजन दीड महिन्यांच्या वजनापेक्षा जेमतेम शंभर ग्रॅमनं जास्त होतं. तो आकडा कार्डावर निळ्या शाईनं लिहिलेला आहे आणि त्याच्याकडे पाहून कुणी काही विचारलं नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना तान्ह्या बाळाचा श्वास मोजायला शिकवलं आणि बाळमृत्यू घटवून दाखवले. आजच्या आशाताईंच्या घरभेटी त्याच कामातून आल्या. ज्या हातांनी श्वास मोजला जातो, त्यांना ‘पिताना घाम येतो का, मध्येच सोडून कण्हतं का’ एवढं विचारायला शिकवणं अवघड नाही. उत्तर ‘हो’ आलं आणि वजन थांबलं असेल, तर ईसीजी. जिल्ह्याच्या गावी तो काही मिनिटांत निघतो. घामेजणाऱ्या सगळ्याच बाळांना अल्कापा नसेल. बहुतेकांना हृदयात भोक असेल, काहींना दुसरंच काही. त्यांनाही लवकर कळलेलं बरंच.

मुंबईच्या त्या रुग्णालयात भाची एकोणतीस दिवस होती. एक्मो लागलं नाही. छाती चौथ्या दिवशी बंद केली. नळीतून दूध, मग चमच्यानं, मग सतराव्या दिवशी नर्सनं तिला बहिणीच्या मांडीवर ठेवलं. आता ती दुसरीत आहे. दर वर्षी इकोला जाते, पडद्यावरचा लाल-निळा रंग पाहून “माझं हृदय” म्हणते, झडपेची गळती नावापुरती उरली आहे. नवीन जोडलेलं तोंड वाढीबरोबर अरुंद तर होत नाही ना, हे तिला मोठेपणीही तपासत राहावं लागेल.

वहीत ते सतराव्या दिवसाचं पान आहे. अक्षर वाकडं आहे, कारण एका हातात बाळ होतं. ‘दुपारी ३.०५. डावीकडे ९ मिनिटं. उजवीकडे ६. घाम नाही.’ त्याखालची तारीख तिनं घातली आहे, पण त्यापुढे वेळ लिहिलेली नाही. पुढच्या पानावर पुन्हा किराणा सुरू होतो: तांदूळ, तूरडाळ, साबण.